जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि हास्यचित्रे पाहण्याचा क्रम

पावसाळा ओसरला की कोकणातल्या अनेक घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात आणि त्यांतून कधीकधी आजोबांच्या काळातले दिवाळी अंक निघतात. पुढे जे घडते ते बहुतेक घरांत सारखेच असते. कोणी ओल्या फडक्याने मुखपृष्ठ पुसतो, कोणी कोपऱ्यात सही शोधून ‘हे चित्रकार दलालांचेच’ असे सांगून मोकळा होतो, मोबाइलचा फ्लॅश उडतो आणि पाच मिनिटांत अंक पुन्हा ट्रंकेत जातो. चित्र कोणी पाहिलेलेच नसते. गेली काही वर्षे ओळखीची माणसे असे अंक मला दाखवायला आणतात आणि दर वेळी मला त्यांना एकच गोष्ट सांगावी लागते, की क्रम उलटा करा. आधी कागद सांभाळावा, मग चित्र पाहावे, मग छपाई, मग काळ आणि सही सर्वांत शेवटी.

१. दिवस, जागा आणि साहित्य

जून ते सप्टेंबर या काळात जुना अंक उघडू नये. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरू लागते आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ती कित्येक दिवस ८० च्या खाली येत नाही. ऑक्टोबरचे ऊन कडक असले तरी ट्रंकेतल्या गठ्ठ्याच्या आत मुरलेली ओल तेवढ्याने जात नाही. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरावा, आणि त्यातही सकाळी दहा ते बारा ही वेळ, कारण दुपारी खारा वारा सुटला की पाने हातातल्या हातात सादळल्यासारखी होतात.

जागा म्हणून पडवी उत्तम. तिथे उजेड भरपूर असतो, पण ऊन थेट पडत नाही. चुलीजवळ किंवा समई तेवत असलेल्या देवघरापाशी हे काम करू नये.

साहित्य फार लागत नाही. स्वच्छ पांढरे सुती कापड, जलरंगाचा रुंद मऊ ब्रश, लहान टॉर्च, मोजपट्टी, पेन्सिल, वही, थोडे कोरे कागद आणि सोनार वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरते. भिंगाशिवाय हे काम अर्धेच होते, तेव्हा त्यावर थोडा खर्च करावा. शाईचे पेन टेबलावर आणूच नये.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि शेजारी पंचा ठेवावा, कारण आपल्याकडे दहा मिनिटांत तळव्यांना घाम येतो. केसांना नुकतेच खोबरेल लावलेले असेल तर त्या दिवशी हे काम करू नये. हात नकळत केसांकडे जातो आणि बोटाचा तेलकट डाग कागदातून पुन्हा निघत नाही. कापडी हातमोजे मात्र नकोत. त्यांच्यामुळे ठिसूळ कड बोटांना जाणवत नाही आणि पान फाटते.

२. ट्रंक उघडणे आणि अंक बाहेर काढणे

ट्रंक अंगणात उघडावी आणि झाकण तासभर उघडे ठेवून मगच हात घालावा. आधी तळाशी पाहावे. वाळवीची माती दिसली तर सगळे अंक एकदम बाहेर काढावेत आणि ट्रंक घरात परत नेऊ नये. रुपेरी चपळ कसर दिसली तर मुखपृष्ठाचा पृष्ठभाग भिंगाखाली तपासावा, कारण ती कागदाला आरपार भोके पाडण्याऐवजी वरचा खळीचा थर खरवडून खाते आणि त्याबरोबर रंगही जातो.

पिठासारखी पांढरी किंवा हिरवट बुरशी असेल तर नाकातोंडावर मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून, मधून बाहेरच्या दिशेने कोरड्या ब्रशने हलकेच झटकावी. कागदातच उतरलेले तपकिरी ठिपके ब्रशने जात नाहीत. ते तसेच राहू द्यावेत. लिंबू, ब्लीच, पावाचा लगदा असे जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांतला एकही करू नये.

इशारा: चकचकीत आर्ट पेपरवरची पाने एकमेकांना चिकटलेली असतील तर ती ओढून सोडवू नयेत. या कागदावर चिनी मातीचा लेप असतो. तो भिजला की सरसासारखा होतो आणि वाळला की दोन पाने कायमची जोडतो. माझ्याकडच्या एका अंकात अशी दोन चित्रे समोरासमोर चिकटली होती. मी कडेने पातळ सुरी घालून ती वेगळी केली आणि एका चित्रातल्या बाईचा अर्धा चेहरा समोरच्या पानावर उलटा उमटून गेला. तो अंक मी अजून ठेवला आहे, पण ते चित्र आता कोणालाच पाहता येणार नाही.

चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर भिजलेले अनेक गठ्ठे उन्हात वाळवले गेले आणि त्यांची वीट झाली. आर्ट पेपर भिजला असेल तर तो ओला असतानाच एकेक पान अलग करून मध्ये कोरा शोषक कागद घालावा लागतो. हे काम त्याच दिवशी व्हायला हवे.

गंजलेल्या पिना उपटू नयेत आणि फाटक्या कडेला सेलोटेप लावू नये. त्याचा चीक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो.

तपासणी: अंक कापडावर सपाट ठेवल्यावर मुखपृष्ठ स्वतःहून वर उचलले जात असेल तर ते अजून सादळलेले आहे. त्या दिवशी तो सावलीत उघड्या हवेत ठेवावा आणि पुढचे काम दोन दिवसांनी करावे.

३. हातभर अंतरावरून पाहणे

आता अंक न उघडता, भिंग न लावता मुखपृष्ठ हातभर अंतरावर उभे धरावे आणि दोन मिनिटे केवळ पाहावे. दोन मिनिटे बरीच मोठी वाटतात, म्हणून घड्याळ लावावे. हे मुखपृष्ठ मुळात दुकानात टांगलेल्या वीस-पंचवीस अंकांमध्ये उठून दिसावे म्हणून केलेले होते, तेव्हा त्याची पहिली परीक्षा लांबूनच होते.

वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: नजर प्रथम कुठे गेली, तिथून कुठे वळली आणि शेवटी कुठे थांबली. ‘सुंदर’, ‘जिवंत’, ‘बोलके’ असे शब्द या टप्प्यावर लिहू नयेत. त्यांनी पाहणे थांबते. उजेड कोणत्या बाजूने येतो, सर्वांत गडद जागा कोणती, सर्वांत कोरी जागा कोणती, एवढेच टिपावे.

मग अंकाच्या नावाकडे पाहावे. जुन्या मुखपृष्ठांवरील नावाची अक्षरे बहुतेक वेळा हाताने काढलेली असतात आणि चित्रकाराने त्यांच्यासाठी जागा राखलेली असते. अक्षरे चित्रातल्या आकृतीच्या मागे जातात की पुढे येतात, शिरोरेघ चित्राची चौकट होते का, हे पाहावे. नाव हाताने झाकून चित्र पाहिले की वरचा भाग एकदम रिकामा वाटतो का, तेही पाहावे. तसे वाटले तर अक्षरे आणि चित्र एकाच विचारातून आलेली आहेत असे समजायला हरकत नाही.

४. भिंगाखाली छपाई पाहणे

या टप्प्यात सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्यासमोर चित्रकाराचे मूळ चित्र नसून त्याची छपाई आहे, हे विसरल्यामुळे निम्मे चुकीचे निष्कर्ष निघतात. रंग भडक आहे म्हणून चित्रकाराला नावे ठेवली जातात आणि दोष ब्लॉक, म्हणजे छपाईचा उठावाचा ठसा, करणाऱ्याचा किंवा यंत्रावर बसलेल्या माणसाचा असतो.

रंगीत मुखपृष्ठ छापण्यासाठी चित्राचे पिवळा, लाल, निळा आणि बहुधा काळा असे वेगवेगळे ब्लॉक तयार करत आणि कागद प्रत्येक रंगासाठी यंत्रातून पुन्हा काढत. छटा दाखवण्यासाठी प्रत्येक ब्लॉकवर लहानमोठे ठिपके असत. जुने लोक ‘तिरंगी चित्र’ म्हणत ते यावरूनच. भिंगातून हे ठिपके लहान फुलांसारख्या गुच्छांत दिसतात, कारण प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवलेली असते.

क्रमाने पुढील गोष्टी पाहाव्यात.

प्रथम आकृतीची कड. गालाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळी बारीक किनार दिसत असेल तर रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. हा छपाईचा दोष आहे, चित्राचा नाही.

मग ठिपक्यांची कड. ठिपका मध्ये फिकट आणि कडेला गडद असेल, तर शाई उठावाच्या ठशाने दाबली गेली आहे, म्हणजे ती ब्लॉकची छपाई आहे. ठिपका सपाट आणि सारखा असेल तर ऑफसेटची, म्हणजे सपाट पत्र्यावरून रबरी रुळामार्फत होणाऱ्या छपाईची शक्यता अधिक. टॉर्च कागदाशी जवळजवळ समांतर धरून मुखपृष्ठाच्या मागची बाजू पाहिली तर ब्लॉकच्या दाबाचे हलके उठाव कधीकधी दिसतात.

शेवटी सर्वांत उजळ जागा. माझ्याजवळ आतील पहिली पाने गळालेला एक दिवाळी अंक आहे. त्यावर एक तरुणी तुळशीपुढे पणती ठेवते आहे आणि वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. लांबून पाहताना तिची बोटे आतून पेटल्यासारखी लालसर दिसतात. भिंग लावल्यावर कळले की बोटांच्या कडांवर निळ्या रंगाचा एकही ठिपका नाही, केवळ पिवळे आणि लाल आहेत, तर मनगटापाशी निळे ठिपके एकेक करून सुरू होतात आणि लुगड्याच्या निऱ्यांत ते इतके दाट होतात की तिथे काळ्याची गरजच उरत नाही. ज्योतीच्या गाभ्यात शाई अजिबात नाही. तिथे कोरा कागद आहे. कागद आता पिवळट झाल्यामुळे ती ज्योत मूळच्यापेक्षा मंद दिसते, आणि चित्र पाहताना हे मनात धरावे लागते. चित्रकाराने बोटांतून झिरपणारा उजेड पाहिला होता, आणि ब्लॉक करणाऱ्यालाही तो कळला होता, असे मला ते पाहताना ठामपणे वाटते.

तपासणी: मुखपृष्ठाच्या कडेची, म्हणजे हवा लागून पिवळी पडलेली जागा आणि आतल्या बाजूने दुमडलेली, हवा न लागलेली जागा शेजारी धरून पाहावी. त्यांच्यातला फरक म्हणजे काळाने चढवलेला रंग. तेवढा वजा करूनच रंगांविषयी मत द्यावे.

५. काळ ठरवणे

साल छापलेले पान शाबूत असेल तर हा टप्पा एका मिनिटाचा आहे. नसेल तर शेवटचे पान पाहावे, कारण मुद्रकाचे नाव आणि ठिकाण छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते. तेही गळाले असेल तर किंमत आणि जाहिरातींतले पत्ते उपयोगी पडतात. किंमत आण्यांत असेल तर अंक साधारणपणे १ एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्या बदलाच्या आसपासचा. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात ‘मुंबई ४’ असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचा आणि ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर नक्कीच १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला.

नेहमीची चूक: घरातली आठवण हाच पुरावा मानणे. ‘पणजोबांनी १९०० साली घेतलेला दिवाळी अंक’ असू शकत नाही, कारण मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ चा, ‘मनोरंजन’ मासिकाचा. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र हे सावंतवाडी तालुक्यातल्या आजगावचे, म्हणून ही तारीख तरी आपल्याकडे चुकू नये.

६. हास्यचित्र वाचणे

हास्यचित्राच्या बाबतीत चूक एकच होते आणि ती सगळे करतात. डोळा आधी खालच्या ओळीकडे जातो, विनोद कळतो आणि चित्र केवळ त्या ओळीची सजावट होऊन बसते. म्हणून कोऱ्या कागदाच्या पट्टीने ओळ झाकावी आणि पुढचे सगळे चित्र झाकल्या ओळीनेच पाहावे.

पहिले पाऊल: काळा भरीव भाग शोधावा. साधी हास्यचित्रे रेषांच्या ब्लॉकवर छापली जात, त्यांत करडी छटा नसे. हवी असेल तर चित्रकार ती बारीक रेघांनी किंवा ठिपक्यांनी आणत असे. त्यामुळे भरीव काळा कुठे ठेवायचा हा त्याचा मोठा निर्णय असे आणि आपली नजर तिथेच प्रथम जावी अशी त्याची इच्छा असे.

दुसरे पाऊल: चित्रातल्या प्रत्येक पात्राची नजर कुठे आहे ते पेन्सिलीने वहीत बाणांनी काढावे, अंकावर नाही.

एका जुन्या अंकातले सही नसलेले चित्र मी यासाठी नेहमी दाखवतो. चाकरमानी मुंबईहून घरी आला आहे. पायरीवर आई भाकरतुकडा घेऊन उभी, मागे वडील, बायको, तीन मुले आणि खांबाला टेकलेला शेजारी. हमालाच्या डोक्यावर मोठी ट्रंक. चित्रात भरीव काळी अशी एकच वस्तू आहे, ती ट्रंक. चाकरमानी स्वतः इतक्या बारीक रेषेने काढला आहे की तो जवळजवळ कागदात विरतो. सातही जणांच्या नजरेचे बाण काढले की सगळे ट्रंकेवर येऊन मिळतात, आईच्या हातातला भाकरतुकडासुद्धा त्याच दिशेला कलला आहे. कोपऱ्यात एक कुत्रे आहे. चाकरमान्याकडे तेवढेच पाहते आहे. चित्राला ओळ नाही आणि ती असती तर चित्र बिघडले असते. कुत्र्यापर्यंत नजर पोचायला जो क्षण लागतो त्याच क्षणात हसू येते, आणि लगेच काळजात काहीतरी हलतेही.

तिसरे पाऊल: आता ओळ उघडावी आणि विचारावे, चित्रात नसलेले असे या ओळीने काय दिले? काहीच दिले नसेल तर चित्र स्वतःच्या बळावर उभे आहे. सगळेच ओळीने दिले असेल तर तो लेखी विनोद आहे. हास्यचित्रकार शि. द. फडणीस यांची शब्दाविना हास्यचित्रे या सरावासाठी सर्वांत चांगली, कारण तिथे झाकायला ओळच नसते. हास्यचित्रकार वसंत सरवटे यांची ‘ललित’ या साहित्यविषयक मासिकातली चित्रे मात्र साहित्यविश्वातली माणसे आणि प्रसंग ठाऊक असल्याशिवाय पुरती उघडत नाहीत. त्यांनी काढलेला ठणठणपाळ पाहण्याआधी जयवंत दळवी त्या नावाने ‘ललित’मध्ये सदर लिहीत, एवढे तरी माहीत हवे. राजकीय व्यंगचित्राला याहून अधिक लागते. १९६० साली सुरू झालेल्या ‘मार्मिक’सारख्या साप्ताहिकातले चित्र पाहताना त्या आठवड्यात काय घडले ते जुन्या वर्तमानपत्रांतून आधी काढावे. त्यासाठी रत्नागिरीचे १८२८ पासूनचे नगर वाचनालय किंवा आपल्या तालुक्याचे जुने ग्रंथालय गाठावे आणि ग्रंथपालांना साल आणि महिना सांगून विचारावे. ‘जुने काहीतरी’ असे मोघम विचारल्यास काहीही हाती लागत नाही.

‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाची खिडकीचित्रे, म्हणजे कागदाची घडी उघडल्यावर आतले दुसरे चित्र दिसणारी चित्रे, असतील तर क्रम अधिक कडक ठेवावा लागतो. आधी खिडकी बंद असताना चित्र पुरते पाहावे, आपल्या मनात कोणता समज तयार झाला तो वहीत एका वाक्यात लिहावा आणि मगच घडी उघडावी. त्या चित्राचा सगळा खेळ बंद आणि उघडी या दोन अवस्थांच्या मधल्या क्षणात असतो आणि तो क्षण पहिल्या वेळी एकदाच मिळतो.

इशारा: जुनी घडी बोटाने ओढून उघडू नये. घडीखाली कोरा कागद सरकवून त्याच्या आधारे ती हळूहळू उचलावी, पूर्ण उलटी दाबू नये आणि दिवसातून एकदाच उघडावी.

७. सही, सर्वांत शेवटी

आता सही शोधावी. ती कोपऱ्यात, पदराच्या घडीत किंवा जमिनीच्या रेषेत मिसळलेली असते आणि अंकाच्या कडा कापताना कधी अर्धी गेलेली असते. सही सापडली तरी अनुक्रमणिकेच्या पानावर मुखपृष्ठकाराचे नाव दिले आहे का ते ताडून पाहावे, कारण मुखपृष्ठ एकाचे, आतील सजावट दुसऱ्याची आणि हास्यचित्रे आणखी कोणाची असे सर्रास असे.

सही नसेल तर केवळ शैलीवरून नाव ठरवू नये. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही गोव्यातले, एक मडगावचे आणि दुसरे अस्नोड्याचे. दोघांचाही प्रभाव इतका पसरला होता की त्यांच्यासारखे काढणारे पुष्कळ झाले. मुळगावकर फवाऱ्याने रंग देत, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांवर कुंचल्याचा फटकारा दिसत नाही, एवढ्याच खुणेवरून लोक नाव ठरवतात. छापील ठिपक्यांत मात्र कोणाचाही फटकारा मऊ होतो. दलालांचे निधन १९७१ मध्ये झाले. त्यानंतरच्या अंकावर त्यांचे चित्र असेल तर ते आधी केलेले किंवा पुन्हा छापलेले आहे. वहीत ‘सही आहे’, ‘अनुक्रमणिकेत नाव आहे’ किंवा ‘नाव माहीत नाही’ यांपैकी एकच लिहावे. ‘बहुधा दलाल’ असे लिहिले की पुढच्या पिढीत त्यातला ‘बहुधा’ गळतो.

८. छायाचित्र आणि परत ठेवणे

छायाचित्र पडवीतल्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल मुखपृष्ठाला बरोबर समांतर धरून काढावे. शेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवावी, म्हणजे मूळ रंग किती पिवळले हे नंतरही कळते. स्कॅन करताना पडद्यावर जाळीदार लाटा दिसल्या तर ते छपाईचे ठिपके आणि यंत्राचे ठिपके एकमेकांत गुंतल्यामुळे असते. ६०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करावे. अंकाची बांधणी कडक असेल तर स्कॅनरवर दाबूच नये. रंग आपोआप ‘सुधारणारी’ सोय बंद ठेवावी.

अंक आडवे, एकावर एक सातआठच, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवावेत. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत आतली ओल आतच कोंडते. लॅमिनेशन कधीही करू नये, ते परत काढता येत नाही. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाच्या पुरचुंडीत आणि कागदाला न टेकता ठेवाव्यात. ट्रंक जमिनीवर किंवा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून नको, चिरा पावसात पाणी ओढतो. ती घराच्या आतल्या भिंतीपासून वीतभर अंतरावर, लाकडी फळीवर ठेवावी. झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहावी, नोंदींची वही ट्रंकेबाहेर ठेवावी आणि पुढच्या नोव्हेंबरात त्याच क्रमाने सगळ्यांत वरचा व सगळ्यांत खालचा असे दोन अंक उघडून तपासावेत.